बाबाला दाखवलेला अणू

पीएचडीची पहिली दोन वर्षं संपली तेव्हा माझ्या हाती एकही अणू लागला नव्हता. ऐकणाऱ्याला हसू येतं, कारण अणू तर सगळीकडे असतात. पण आम्हाला एकच हवा होता, तोही एका जागी थांबलेला. बेरियम नावाच्या धातूचा एक अणू घ्यायचा, त्यातला एक इलेक्ट्रॉन उडवायचा, म्हणजे त्याच्यावर विजेचा भार येतो. मग चार बारीक सळ्यांच्या मधोमध विजेच्या जोरावर त्याला अधांतरी धरून ठेवायचं आणि त्याच्यावर लेझर सोडायचा. अणू तो प्रकाश घेतो आणि परत बाहेर टाकतो, इतक्या वेळा की अंधारात त्याचा ठिपका दिसू शकतो. कधी कधी तो मधेच प्रकाश द्यायचं थांबतो, काही वेळ काळोखात राहतो आणि मग आपला आपण परत उजळतो. तो काळोखात किती वेळ राहतो, हे मोजणं माझं काम होतं.

मोजायला आधी अणू धरायला हवा होता, आणि आमचं घोडं हवेपाशी अडलं होतं. ज्या स्टीलच्या भांड्यात हे सगळं मांडतात त्यातली हवा जवळजवळ सगळी काढावी लागते, नाहीतर हवेचे कण येऊन अणूला धडकतात. आमच्या भांड्यातली हवा पुरती निघत नव्हती. पंप आठवडेच्या आठवडे चालायचे आणि दाब एका आकड्यावर येऊन बसायचा. गळती शोधायला आम्ही बाहेरून प्रत्येक जोडावर हेलियम वायूचा फवारा मारला. कुठे भोक असतं तर हेलियम आत शिरला असता आणि आमच्या यंत्राला तो कळला असता. यंत्राने काहीच दाखवलं नाही. म्हणजे भोक नव्हतं, आणि तरी हवा येत होती. माझे मार्गदर्शक सर कमी बोलणारे. शेवटी त्यांनी परदेशातून नवं भांडं मागवायचं ठरवलं, पण ते यायला वर्ष तरी जाणार होतं. मुंबईतल्या होस्टेलवर मी मनातल्या मनात पीएचडी सोडायचं पत्र लिहायला लागले होते.

त्याच सुमारास शिष्यवृत्तीसाठी एका दाखल्याची गरज पडली आणि मी घरी आले. आमचं घर बोईसरजवळ सालवडला, कामगारांच्या चाळीत. मूळ गाव जव्हारकडच्या डोंगरात, तिथे आजही काकाची नागली-वरईची शेती आहे. बाबा लग्नाआधीच बोईसरला आला आणि एका शेडमध्ये झाडू मारता मारता वेल्डिंग शिकला. मी मोठी झाले तोवर तो आर्गन वेल्डर झाला होता. औषधाच्या कंपन्यांसाठी स्टेनलेसच्या टाक्या बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये तो पंचवीस वर्षं एकाच जागी होता. त्याच्या सगळ्या शर्टांच्या बाह्यांना ठिणग्यांची भोकं असायची. आई ती शिवायची नाही, म्हणायची, उद्या परत पडणारच हाय.

दाखल्याच्या कामाला कोळगावच्या जिल्हा कार्यालयात जायचं होतं. बाबाने अर्धा दिवस रजा काढली आणि आमच्या जमिनीचे जुने कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याबरोबर निघाला. साहेब मीटिंगला गेले होते. आम्ही बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. बाबाने आजवर माझ्या अभ्यासाबद्दल कधी विचारलं नव्हतं. दहावीनंतर त्याने एकदाच सांगितलं होतं, तुला कळतं ते तू कर. त्या दिवशी मात्र तो माझ्या तोंडाकडे बघत बसला आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "तुजं काम अडलंय का?"

मी नाही म्हणणार होते, पण हो म्हणाले. मग सगळं सांगितलं. अणू, सळ्या, लेझर. त्यातलं त्याला किती कळतंय याचा अंदाज येत नव्हता, कारण तो मान हलवत नव्हता. पण हवेची गोष्ट आली तसा तो वळून बसला. हवा जोडाची वैरी आहे हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. तापलेल्या स्टीलला हवा लागू नये म्हणून तर तो जन्मभर आर्गन वायू सोडत आला होता. त्याने विचारलं, भांड्याचा फोटो हाय का?

मोबाईलवर दोन फोटो होते. त्याने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, मग माझ्याकडे देऊन म्हणाला की जोड मोठा करून दाखव. मी बोटांनी चित्र वाढवलं. एका फोटोत भांडं बाहेरून होतं, दुसऱ्यात आतून. तो एकदा हा, एकदा तो असं करत राहिला.

"जोड दोन्ही बाजूंनी मारलाय," तो म्हणाला. "बाहेरून पण नि आतून पण."

मी म्हटलं, मजबूत व्हावा म्हणून मारला असेल.

"मजबूत झाला. पण मधे फट राहिली ना. तिच्यात हवा कोंडून बसलीय. तिला बाहेर जायला वाट नाय, मग ती आतल्या बाजूला हळूहळू येत राहणार. तुमी बाहेरून काय पण फवारा, बाहेर भोकच नाय तर सापडणार काय?"

औषधाच्या टाकीत आतल्या बाजूला फट राहिली तर माल अडकतो आणि कुजतो, म्हणून बाबाच्या वर्कशॉपमध्ये जोड आतून आणि एकाच दमात मारतात, एवढ्यावरूनच त्याने हे ओळखलं होतं. मी तिथेच उठून उभी राहिले. ज्याच्यामागे आम्ही आठ महिने घालवले होते ते कोळगावच्या बाकावर पाच मिनिटांत निघालं होतं. दाखला त्या दिवशी मिळाला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही.

मी तिथूनच सरांना फोन लावला. ते ऐकून घेत राहिले. मग त्यांनी विचारलं की हे कोणी सांगितलं. वडिलांनी, मी म्हटलं, ते वेल्डर आहेत. दोन वर्षांत मी हे त्यांना कधी सांगितलेलं नव्हतं. लपवलं असं नाही, पण कोणी विचारलं तर "कंपनीत आहेत" म्हणून थांबायचे. सर म्हणाले, "त्यांना विचार, आपल्याला करून देतील का."

नव्या भांड्यासाठी स्टीलची नळी आणि तिच्या तोंडांवर बसवायच्या जाड कड्या सरांनी मिळवल्या. बाबाने वर्कशॉपच्या शेठला विचारून एक रविवार मागून घेतला. त्याआधीचे आठ दिवस ड्युटी सुटली की तो तसल्याच मापाच्या भंगारातल्या तुकड्यांवर सराव करत होता, हे मला नंतर कळलं.

रविवारी सकाळी शेडमध्ये आम्ही तिघंच होतो. बाबा, मी, आणि त्याच्याबरोबर वीस वर्षं काम केलेले एक फिटर. ते बिहारचे, बाबाला उस्ताद म्हणायचे. नळीला हातातल्या तेलाचा डागही लागून चालणार नाही, असं मी सांगितलं होतं. बाबाने कोपरापर्यंत हात साबणाने धुतले, मग परत धुतले, आणि आईने घरून दिलेला स्वच्छ पंचा टेबलावर अंथरला. मी तुकडे अॅसिटोनने पुसून त्याच्या हातात दिले. फिटरकाकांनी नळी फिरवायच्या चाकावर बसवली.

मला त्याने जास्तीचा मुखवटा दिला. लहानपणी मी शेडच्या दाराशी डबा घेऊन आले की तो ओरडायचा, इकडे बघू नको. म्हणून इतक्या वर्षांत मी त्याचं काम पाहिलंच नव्हतं. काळ्या काचेतून आधी काहीच दिसेना. मग ठिणगी पेटली आणि नळीच्या आत स्टीलचा एक थेंब वितळून चमकायला लागला. बाबा तो थेंब कडेकडेने पुढे नेत होता. फिटरकाका विचारायचे, "घुमाऊँ?" आणि बाबा म्हणायचा, "धीरे." दुसरं बोलणं नव्हतं. त्याने मान बरीच डावीकडे वळवून उजवा डोळा कामाजवळ नेला होता. मला वाटलं, त्याची बसायची पद्धत असेल.

सगळे जोड व्हायला दुपार झाली. तो मुखवटा काढून खाली बसला तेव्हा त्याचा शर्ट पिळून काढावा इतका भिजला होता. जोड मी आरशातून पाहिले. एकसारखे, माशाच्या खवल्यांसारखे, कुठे गाठ नाही. बाबाने विचारलं, चालेल ना? मी म्हटलं, बघू या. त्याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हाच काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ते भांडं फॉइलमध्ये गुंडाळून मांडीवर घेऊन मुंबईला गेले. वैतरणेच्या पुलावर गाडी हळू झाली. शेजारच्या बाईंनी विचारलं की देवाचं काही आहे का. मी म्हटलं, नाही, नळी आहे.

प्रयोगशाळेत भांडं पंपाला जोडलं, गरम पट्ट्या लावून कितीतरी दिवस भाजलं, म्हणजे स्टीलला चिकटलेली वाफही सुटते, आणि मग थंड होऊ दिलं. दाब त्या जुन्या आकड्यावर आला, आणि थांबला नाही. खाली गेला, आणखी खाली गेला. सर माझ्या मागे उभे होते. त्यांनी चष्मा पुसला आणि परत लावला. त्यानंतर तीन आठवड्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक ठिपका आला आणि राहिला. मी बाबाला फोन केला तर तो म्हणाला, "एकच हाय ना? तुला एकच पायजे होता." मी हो म्हटलं. त्याने फोन आईकडे दिला. आईने सांगितलं की तो बाहेर जाऊन उभा राहिलाय.

मला त्याला अणू दाखवायचा होता. पडद्यावरचा नव्हे, डोळ्यांनी. बेरियमचा प्रकाश हिरवट निळा, आपल्या डोळ्यांना दिसणारा. खोलीत पूर्ण काळोख केला, डोळ्यांना अर्धा तास त्याची सवय होऊ दिली आणि भिंगातून पाहिलं, तर एकटा अणू खरंच दिसतो. मी पाहिला होता. फार दूरच्या चांदणीसारखा. एका शनिवारी सकाळच्या गाडीने बाबा आला. इस्त्रीचा शर्ट घातला होता, बाह्यांना भोकं नसलेला. सरांनी उठून त्याच्याशी हात मिळवला आणि जोडाबद्दल इतके प्रश्न विचारले की बाबा लाजला.

मग मी त्याला आतल्या खोलीत नेलं, पडदे ओढले आणि भिंगासमोरच्या स्टुलावर बसवलं. प्रकाशाचा थोडा भाग मोजणीच्या यंत्राकडे जात होता. त्याचा बारीक पडदा मी माझ्याकडे वळवून ठेवला होता. आम्ही काळोखात बसून राहिलो. मी त्याला सांगत होते, अगदी मधोमध बघ, हिरवट दिसेल, बारीक दिसेल. तो हूं म्हणत होता. दहा मिनिटं गेली, वीस गेली. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. आणि मग माझ्या पडद्यावरचा आकडा एकदम पडला. अणू सापळ्यातून निसटून गेला होता. असं व्हायचं. पुन्हा धरायला बराच वेळ लागला असता. मी त्याला सांगायला तोंड उघडणार तोच तो म्हणाला, "दिसला."

मी पडद्यावर तळहात ठेवला.

"हिरवा हाय," तो म्हणाला. "बारीक. चांगला हाय."

मी म्हटलं, "हो बाबा." दिवा लावला. त्याने डोळे चोळले आणि हसला. जिन्यावरून उतरताना त्याने कठड्यावरचा हात एकदाही काढला नाही. मला वाटलं, अंधारातून उजेडात आल्यामुळे असेल.

तो खोटं का बोलला हे मला कळलं होतं, निदान मला तसं वाटत होतं. माझा उत्साह मोडू नये म्हणून. अर्धवट कळलं होतं. बाकीचं चार दिवसांनी आईने फोनवर सांगितलं. तिला राहवलं नाही.

"तुज्या बाबाला काय दिसलं नाय. तो मला म्हणाला, पोरीनं एवढं केलंय, नाय कसं म्हणू. पण त्याला हल्ली तांदळातला खडा पण दिसत नाय. डावा डोळा तर गेल्यातच जमा. वर्कशॉपमदे कुणाला सांगत नाय, आतल्या जोडावरनं काढतील म्हणून. तुजी नळी त्यानं एका डोळ्यानं मारलीय."

मी फोन ठेवून तशीच बसले. कोळगावला त्याने फोन जवळ-लांब केला होता. शेडमध्ये मान वळवली होती. जिन्यात कठडा धरला होता. हे सगळं मी बघितलं होतं आणि प्रत्येक वेळी त्याला काहीतरी कारण दिलं होतं. दोन वर्षांहून जास्त काळ मी एका ठिपक्याच्या प्रकाशामागे लागले होते, आणि घरच्या माणसाला दिसेनासं होत चाललंय हे आईने सांगावं लागलं.

त्या आठवड्यात मी सालवडला गेले. बाबा आधी चिडला, आईवर. मग म्हणाला, वय झालं की होतं. मी म्हटलं, मोतीबिंदू असेल, काढता येतो. तो म्हणाला की ऑपरेशन म्हटलं की महिनाभर घरी बसावं लागेल, आणि एकदा कळलं की शेठ घासायच्या मशीनवर बसवेल. मी त्याच्याशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी आईने फिटरकाकांना चहाला बोलावलं. ते आले, बसले आणि सरळ म्हणाले, "उस्ताद, हमको तो दो साल से मालूम है." नळी फिरवताना बाबाच्या हाताचा अंदाज घेऊन तेच सांभाळून घेत होते. बाबाने कप खाली ठेवला.  मग त्याने मला विचारलं, "दुखतं का?"

मोतीबिंदूच निघाला. पालघरच्या दवाखान्यात आधी डावा डोळा झाला, काही आठवड्यांनी उजवा. दोन्ही वेळा मी बाहेर बसले होते. पहिली पट्टी काढली त्या सकाळी तो दाराच्या चौकटीकडे बघून म्हणाला, हा निळा रंग कधी दिला? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो निळाच होता, काका. घरी येताना रिक्षातून तो दुकानांच्या पाट्या वाचत होता. सगळ्या, मोठ्याने. मी त्याला थांबवलं नाही.

डोळे पुरते बरे झाल्यावर तोच म्हणाला की एकदा परत येऊ का. या वेळी मी सकाळपासून अणू धरून ठेवला होता आणि मोजणीचा पडदा बंदच करून टाकला. पडदे ओढले, तो स्टुलावर बसला, आणि मी त्याला काय दिसेल ते अजिबात सांगितलं नाही. काळोखात बसल्या बसल्या तोच बोलला.

"मागल्या वेळेला मला काय दिसलं नव्हतं."

"मला माहीत होतं."

"आईनं सांगितलं?"

"त्याच्या आधीपासून. तू दिसला म्हणालास तेव्हा तो तिथे नव्हताच. निघून गेला होता."

 त्याचं स्टूल करकरायला लागलं आणि मला कळलं की तो हसतोय. मीही हसायला लागले. आम्ही दोघं तोंडावर हात धरून हसत होतो, कारण बाहेर सर होते.

हसणं थांबल्यावर तो परत भिंगाला डोळा लावून बसला. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. एकदम त्याचं श्वास घेणं थांबलं आणि तो पुढे वाकला. या वेळी तो "दिसला" असं म्हणाला नाही.  मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर ती लहान मुलासारखी ताठ झाली होती.

"हिरवा नाय," तो शेवटी म्हणाला. "निळ्यात हाय थोडा."

"हो."

"कवापासून हाय इथं?"

"सकाळपासून."

"एकटाच?"

"एकटाच."

मी बाजूचा छोटा निळा दिवा लावला. त्याने अणू अधूनमधून काळोखात जातो. तेच तर मी मोजत होते. ठिपका विझला. बाबा दचकला नाही, वळला नाही, मला विचारलंही नाही. नजर तिथेच ठेवून थांबला. अर्धं मिनिट गेलं असेल. त्याचा हात आपसूक माझ्या हातावर आला. मग त्याच्या बोटांच्या दाबावरून मला समजलं की ठिपका परत आला आहे. असं तीनदा झालं. तिन्ही वेळा त्याने हाताने सांगितलं.

संध्याकाळी मी त्याला सोडायला सालवडला घरी गेले. आई भाकऱ्या करत होती. तिने तव्यावरून नजर न काढता विचारलं, आता तरी दिसला का? आणि बाबा बोलायला लागला. घरात कधी चार वाक्यांपुढे न जाणारा माणूस ओट्याला टेकून तिला सांगत होता की तो कसा लुकलुकत नाही, नुसता असतो. की विझतो पण जात नाही. की त्याला कोणी हात लावलेला नाही, नुसत्या विजेवर उभा आहे. काही चुकत होतं, मी दुरुस्त केलं नाही. आईने भाकरी उलटली.

"मग आता यंत्र बंद केलं असेल," ती म्हणाली. "तो गेला कुठं?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, भांड्याच्या भिंतीला जाऊन चिकटला असेल. सोमवारी आम्ही दुसरा धरू. बेरियमच्या दोन अणूंत काहीच फरक नसतो, अगदी काडीचाही नाही. ओळखू म्हटलं तरी ओळखता येत नाही.

बाबाने थोडा विचार केला. "तुमी म्हणता तर नसेल," तो म्हणाला. "पण मी बघितला तो वेगळा होता."

आईने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, जेवून घ्या आधी. तो जेवायला बसला. भाकरी मोडायच्या आधी त्याने ती उजेडाकडे धरून जरा निरखून पाहिली, आणि मग खाल्ली.